डावीकडे ओढणारी गाडी

गाडी जराशी एका बाजूला ओढत असेल आणि तशीच चालवली तर तिचं काही नुकसान होतं का, असं मला कुणी विचारलं की मी आधी त्या माणसाकडे नीट बघून घेते. बहुतेकांना उत्तर नको असतं. 'छे हो, काही होत नाही' एवढंच त्यांना ऐकायचं असतं, आणि तसं सांगणारे आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात. मी सांगते, होतं. आधी टायर आतल्या कडेने झिजतो, उभ्याने बघितलं तर दिसणारही नाही असा. मग स्टिअरिंगचे सांधे ढिले पडतात, चाकं थरथरतात, पेट्रोल जास्त लागतं. हे सगळं चालू असताना चालवणारा स्टिअरिंग जरासं उजवीकडे वळवून धरतो आणि शेजारी बसलेल्याला सांगतो, बघ, सरळ चाललीय की नाही. माझ्या मते गाडीपेक्षा त्या माणसाचंच जास्त बिघडलेलं असतं. आमच्या घरात असा एक माणूस आहे आणि मी त्यांना भाऊजी म्हणते.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर मुलांना गप्प बसवण्याचा पगार घेतल्यामुळे आपण बोललो की विषय संपतो, अशी त्यांची पक्की समजूत आहे. जाऊबाई वर्षातले बरेच महिने पुण्याला लेकाकडे असतात. का असतात, ते भाऊजींबरोबर अकोले ते संगमनेर गाडीत बसलं की कळतं. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, ही जुनी रीत त्यांनी अजून सांभाळली आहे. मी समोर उभी असले तरी ते माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणतात, "तिला सांग, चहात साखर कमी घालत जा." आणि आमचे हे, बँकेत अधिकारी असलेले गृहस्थ, खरोखर माझ्याकडे वळून सांगतात, "चहात साखर कमी." लग्नानंतर सुरुवातीला मला याचं हसू यायचं. पुढे मी हसणं सोडून दिलं.

गाडी घेतली ती माझ्या नोकरीसाठी. मी राजूरच्या शाळेत भूगोल शिकवते आणि राहते अकोल्यात. हप्ता माझ्या पगारातून जायचा आणि कागदावर नाव भाऊजींचं, कारण मोठ्याच्या नावावर असलेलं बरं दिसतं, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. गाडी दारात आली त्या दिवशी तिची पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं आणि चावी देव्हाऱ्यात ठेवली गेली. मला वाटलं, त्या दिवसापुरती असेल. ती तिथेच राहिली. रोज सकाळी अंघोळ करून, हात जोडून चावी उचलायची आणि संध्याकाळी परत देवाजवळ ठेवायची. महिन्यातले चार दिवस मला देव्हाऱ्याला शिवायची बंदी, म्हणजे चावीलाही बंदी. त्या दिवसांत आमचे हे चावी आणून माझ्या हातावर वरूनच टाकायचे, बोटाला बोट लागणार नाही अशा बेताने. विज्ञानाची पदवी घेतलेला माणूस आहे हा.

हे सगळं मी चालवून घेतलं, कारण मला गाडी चालवायला मिळत होती. खरं सांगायचं तर सकाळचा अकोले ते राजूर रस्ता ही माझ्या दिवसातली एकच जागा होती, जिथे मला कुणी हाक मारत नसे. घरातून निघेपर्यंत डबे, सासूबाईंची औषधं, दूधवाला. शाळेच्या फाटकापासून पोरांचा गलका. मधला वेळ माझा. काच खाली, खाचरांवरून येणारा वारा आणि तोंडातून एक शब्दही न काढणारी मी. त्या तेवढ्या वेळासाठी मी आणखी बरंच काही सोसलं असतं, आणि हे घरातल्यांना माहीत नव्हतं हेच बरं होतं.

मे महिना संपत आला तेव्हा पुण्याहून भाऊजींचे पाहुणे आले. त्यांना भंडारदऱ्याला काजवे बघायचे होते. आम्ही उजेडीच निघालो. भाऊजी गाडी चालवत होते आणि पाहुण्यांना धरणाचा इतिहास सांगत होते. इतिहास सांगताना ऐकणाऱ्याचा चेहरा दिसला नाही तर त्यांना करमत नाही, म्हणून ते मान मागे वळवून सांगत होते. डावं पुढचं चाक एका खड्ड्यात असं आदळलं की पाहुणीबाईंच्या मांडीवरचा डबा खाली सांडला. मी म्हटलं, जरा उतरून बघू या. "तिला सांग, काही झालेलं नाही," भाऊजी म्हणाले आणि इतिहास जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला.

सुट्टी असली तरी शाळेत प्रवेशाची कामं होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी राजूरला निघाले आणि गावाबाहेर पडताच कळलं की गाडी डावीकडे ओढतेय. सरळ जायचं तर स्टिअरिंग उजवीकडे वळवून धरावं लागत होतं. मधलं कंपनीचं चिन्ह वाकडं झालं होतं. शाळेत पोचेपर्यंत उजव्या खांद्यात कळ आली. संध्याकाळी घरी सांगितलं. भाऊजी पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "तिला सांग, रस्त्याला डावीकडे उतार असतो. पाणी जायला." मी म्हटलं, "त्यांना सांगा, उतार कालपर्यंतही होता." आमच्या ह्यांनी हे काही पुढे सांगितलं नाही. माझं वाक्य त्यांच्याकडे पोचलं की तिथेच राहायचं, ही आमच्या घरातली पद्धत आहे.

मग उपाय सुरू झाले. भाऊजींना कुठल्याशा जुन्या जीपवाल्याने शिकवलेली युक्ती आठवली. उजव्या चाकातली हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे गाडी उजवीकडे ओढेल आणि दोन्ही ओढी एकमेकींना मारतील. एका पायात काटा मोडला म्हणून दुसऱ्या पायात खिळा ठोकून घ्यावा, तसला हा प्रकार. पण भाऊजी दर रविवारी पेट्रोल पंपावर उभे राहून हवा भरणाऱ्याला हे शास्त्र समजावून सांगायचे आणि तोही मान डोलवायचा, कारण त्याला पुढची गाडी घ्यायची असे. आता गाडी सरळ जात होती, पण दोन्ही चाकं फरपटत जात होती. शहाबादी फरशीवर पाट ओढल्यासारखा आवाज यायचा. "तिला सांग, आवाज रस्त्याचा आहे," असं भाऊजी म्हणायचे.

एके दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मैदानात गाडीजवळ खाली बसले आणि डाव्या टायरच्या आतल्या बाजूला हात घातला. बाहेरून टायरवर नक्षी होती. आतली कड मात्र तळहातासारखी गुळगुळीत झाली होती आणि एका जागी बोटाला बारीक तार टोचली. ही काही मोठी विद्या नव्हे. यासाठी वाकावं लागतं, आणि भाऊजींना वाकायची सवय नाही.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर सांगितलं की टायरची तार दिसायला लागली आहे, रविवारी मी गाडी संगमनेरला नेणार, चाकांची अलाइनमेंट करून घेणार, टायर बदलणार. आणि हीच चूक झाली. आमच्या घरात एखादी गोष्ट करायची असेल तर ती आधी सांगायची नसते.

"तिला सांग," भाऊजी म्हणाले, "अलाइनमेंट हे गॅरेजवाल्यांनी काढलेलं खूळ आहे. आमच्या वेळी घाटात जीप चालायच्या. कुणी केली होती अलाइनमेंट?"

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "त्यातल्या किती जीप अजून चालतायत ते बघून या."

आमचे हे दोघांच्या मध्ये बसून कोथिंबीर निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. आणि तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या सासूबाई बोलल्या. "ही बाहेरची असतानी गाडी चालवती. देवाजवळची चावी घेती. मग ती गाडी डावं जानार न्हाई तर काय हुईल?"

डावं म्हणजे अशुभ, एवढं तर सगळ्यांनाच कळत होतं. मला सासूबाईंचं आश्चर्य वाटलं नाही. त्यांना लहानपणापासून हेच शिकवलं होतं आणि दुसरं काही शिकवायला कुणी आलं नव्हतं. मी भाऊजींकडे बघत होते. या माणसाने वर्षानुवर्षं मुलांना बल, दिशा आणि घर्षण शिकवलं होतं. सासूबाईंचं बोलणं खोटं आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण खड्ड्याचा दोष आपल्यावरून निघून परस्पर माझ्यावर जातोय हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी पेपरची घडी घातली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आईच्या म्हणण्यातही काहीतरी असेल." इतका भित्रा शहाणपणा मी फार कमी वेळा ऐकला आहे.

संगमनेर राहिलं बाजूला. रविवारी गाडी गावाबाहेरच्या देवळात नेली. नारळ फुटला, पुन्हा लिंबं चिरडली, गाडीवरून मिरच्या उतरवल्या. मग भाऊजींनी जमलेल्या लोकांसमोर गाडी सुरू केली आणि दोष गेल्याचं दाखवायला स्टिअरिंगवरचे हात काढून वर धरले. घाईत ते उजव्या चाकाची हवा विसरले होते. येताना पंपावर चारही चाकांत सारखी भरली गेली होती. गाडी संथपणे डावीकडे वळत गेली आणि हारवालीच्या पाटीवर चढली. शेवंतीचे हार चाकाखाली, हारवाली ओरडतेय, लोक हसतायत. भाऊजी खाली उतरले आणि पाटीपलीकडच्या गाभाऱ्याकडे हात करून म्हणाले, "देवाकडे ओढ घेतली बघा तिने." दोघातिघांनी खरंच हात जोडले. मी तोंडाला पदर लावून रस्त्याकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून चावी देव्हाऱ्यातून निघून भाऊजींच्या खिशात गेली. गाडीला थोडे दिवस माझा हात लागू नये, असं ठरलं. कुणी ठरवलं, ते मला कुणी सांगितलं नाही. आमच्या ह्यांनी फक्त "थोडे दिवस जाऊ दे" एवढं म्हटलं. मी पावसाळाभर जीपने राजूरला गेले. जीपमध्ये पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघं, मागे किती ते मोजण्यात अर्थ नसतो. कुणाची कोंबडी, कुणाचं खताचं पोतं, आणि "बाई, आमच्या पोराला पास करा" म्हणणारे पालक. लोक वाईट नव्हते. पण माझा तेवढा वेळ गेला. मी घरातून बोलत निघायची आणि बोलत शाळेत पोचायची. मला एकदा वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहावंसं वाटलं, नुसतंच, पाठीमागे गोंगाट चालू असताना, आणि मी तशी उभी राहिलेही. तेव्हा मला कळलं की माझ्याकडून काय काढून घेतलं आहे. रडू आलं नाही. संताप आला.

गणपती उठल्यावर नात्यातल्या एका साखरपुड्याला राजूरच्या पुढे, डोंगराकडच्या एका गावाला जायचं होतं. भाऊजी गाडी चालवत होते, आमचे हे त्यांच्या शेजारी, मी आणि सासूबाई मागे. राजूर सोडल्यावर स्टिअरिंग इतकं थरथरत होतं की भाऊजींच्या मनगटावरचं घड्याळ खुळखुळत होतं. मी म्हटलं, हळू घ्या. मी थेट त्यांनाच म्हटलं, त्यामुळे त्यांना ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. एका वळणापुढे फटाका फुटावा तसा आवाज झाला. डावं पुढचं चाक बसलं आणि गाडी रस्ता सोडून बांधावरून खाली, भाताच्या खाचरात उतरली. लोंब्या फुटायला आलेलं भात काचेवर आपटत होतं. चिखलाने आम्हाला थांबवलं. उजवीकडे ओढ असती तर समोरून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोने थांबवलं असतं.

कुणाला काही लागलं नाही. सासूबाई मोठमोठ्याने देवाचं नाव घेत होत्या. भाऊजी दार उघडून जे बाहेर पडले ते थेट बांधावर जाऊन बसले. आई मागे आहे, याची त्यांना आठवण झाली नाही. इंजिन चिखलात घरघरत होतं. मी मागून उतरले, पोटरीपर्यंत रुतत पुढे गेले, उघड्या दारातून हात घालून इंजिन बंद केलं आणि चावी काढून घेतली. मग सासूबाईंना हाताला धरून बांधावर आणलं. तेवढ्यात आजूबाजूच्या शेतांतली माणसं धावत आली. त्यांना दिसलं ते असं: चिखलाने भरलेली एक बाई आणि तिच्या हातात गाडीची चावी.

ज्याचं भात आम्ही आडवं केलं होतं तो म्हातारा शेतकरी आधी सासूबाईंजवळ गेला. "आजी, कुटं लागलं न्हाई ना?" असं विचारून त्याने त्यांना पाणी दिलं. मग माझ्याकडे बघितलं, चावीकडे बघितलं, आणि बांधावर बसलेल्या भाऊजींना विचारलं, "बाई चालवीत हुती व्हय?"

भाऊजींनी चष्मा काढला. रुमालाने पुसला. पुन्हा डोळ्यांवर लावला. आणि म्हणाले, "होतं असं. सवय नसते."

खोटं म्हणून पकडावं असं एकही अक्षर त्यात नव्हतं, मुख्याध्यापकाचं वाक्य होतं. माझ्या डोक्यात सणक गेली, पण मला त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. मी आमच्या ह्यांच्याकडे वळले. ते दोन पावलांवर उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडत. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुम्ही सांगा यांना. गाडी कोण चालवत होतं?"

सगळी माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. वर्षानुवर्षं भावाचं वाक्य मला आणि माझं वाक्य स्वतःच्या पोटात, असं काम केलेल्या माणसाला मी पहिल्यांदाच त्याचं स्वतःचं वाक्य विचारत होते. फार मोठंही नको होतं. 'दादा चालवत होता' एवढं पुरलं असतं. त्यांनी भावाकडे बघितलं, भाताकडे बघितलं, दुमडलेल्या पँटकडे बघितलं.

"आता ते जाऊ दे ना," ते म्हणाले. "कुणाला लागलं नाही, हे महत्त्वाचं."

म्हातारा समजुतीने हसला. मला म्हणाला, "असू द्या बाई. शिकतानी हुतं आसं. भाताचं मनाला लावून घिऊ नका." त्याचं पीक आडवं पडलं होतं आणि तो मला धीर देत होता, मी न केलेल्या चुकीसाठी. मी चावी बांधावर ठेवली, रस्त्यावर चढले आणि पहिल्या आलेल्या जीपला हात केला. साखरपुड्याला गेले नाही.

पुढचं मी ऐकलं ते असं. गाडी ओढून संगमनेरला नेली. दोन्ही पुढचे टायर फेकण्याजोगे, स्टिअरिंगचा रॉड ढिला, खालचा सांधा निखळायला आलेला, बेअरिंग गेलेलं. गॅरेजवाला भाऊजींना म्हणाला की वेळेवर अलाइनमेंट केली असती तर यातलं बरंचसं टळलं असतं. तो काही फार मोठा जाणकार नव्हता. त्याने त्याच फेरीत त्यांच्या गळ्यात न लागणारे सीट कव्हरही मारले. पण भाऊजी तिथून जे बदलून आले ते विचारू नका. आता कुणाचीही गाडी दिसली की ते टायरकडे बोट करून विचारतात, "अलाइनमेंट कधी केली होती?" चहाच्या दुकानात त्यांनी यावर नवशिक्यांचे वर्ग घेतले आहेत. हवा कमी ठेवण्याची युक्ती सांगणाऱ्या जीपवाल्याला ते मूर्ख म्हणतात. आणि सासूबाई शेजारणींना सांगतात की सुनेने चालवणं सोडलं तशी गाडी सुतासारखी सरळ चालते.

मी तोवर एक जुनी छोटी गाडी घेतली होती. माझ्या नावावर. चावी माझ्या पर्समध्ये असते आणि महिन्याचे तीसही दिवस तिथेच असते. पहिल्याच रविवारी तिची चाकं तपासून घेतली. सकाळचा माझा वेळ मला परत मिळाला आहे, आणि घरात कुणी त्यावर बोलत नाही, कारण माझ्याशी बोलायचं कुणी, हे अजून ठरलेलं नाही.

आमचे हे कधीमधी त्या गाडीत बसतात. परवा राजूरहून पेढे घेऊन आम्ही परतत होतो. ते म्हणाले, "तू त्या दिवसाचं अजून धरून बसलीयेस. अगं, मला माहीत होतं ना, तू चालवत नव्हतीस ते."

त्यांच्या आवाजात समजूत होती. मला बरं वाटेल, अशी त्यांची खरोखर कल्पना होती. मी गाडी कडेला घेऊन थांबवली.

"त्या म्हाताऱ्याला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "म्हणून त्याने विचारलं. तुम्हाला माहीत होतं."

ते मांडीवरच्या पेढ्याच्या पुड्याचा दोरा सारखा करत बसले. मागून एका जीपने हॉर्न दिला तेव्हा मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. दारात गाडी लावताना माझ्या लक्षात आलं की ते शेजारी बसलेले असूनही सगळा रस्ता मला एकटीने आल्यासारखा वाटला होता.